एक नंबरची पाटी

गावात शिरणाऱ्या माणसाला आधी गावाच्या चादरी दिसत. मग उशांचे अभ्रे, मग शर्ट, मग विजारी, आणि या सगळ्यांच्या मागे वहिनींची लाँड्री. लाँड्रीशेजारी गावाची मोकळी जागा होती, तिच्यात तारा ताणलेल्या. कुणाच्या घरी नवी चादर आली, कुणी कॉलर उलटवून शिवली, कुणाच्या घरात नवराबायकोची अंथरुणं हल्ली वेगळी झाली, हे सगळं गाव त्या तारांवर वाचायचं. वहिनींना वाचायची गरज नव्हती. त्यांनी ते हाताने चोळलेलं असायचं.

वहिनींचा उजवा दंड डाव्यापेक्षा जाड होता. इस्त्रीनं केलेला. बोलताना त्या समोरच्याकडे बघत नसत, कापडाकडे बघत, त्यामुळे बोलणाऱ्याला आपण सुरकुती असल्यासारखं वाटे. खरं तर त्या एकाच माणसाच्या वहिनी, धाकट्या दिराच्या. पण दीर पडला गावाचा प्रमुख, तेव्हा त्याची वहिनी ती गावाची वहिनी झाली. नवरा गेला तेव्हा दिरानं दारात उभं राहून भाषण केलं, "वहिनींनी कसलीही काळजी करू नये." भाषण छान झालं. दुसऱ्या दिवशीपासून धुण्याचे ढीग वहिनींनी एकटीनं उपसले.

अगदी एकटीनं म्हणता यायचं नाही. चादर पिळायला दोन माणसं लागतात आणि घडी घालायलाही दोन लागतात. त्यासाठी धाकटी यायची, म्हणजे प्रमुखांची बायको, वहिनींची जाऊ. चोरून यायची. "प्रमुखाच्या बायकोनं गावाची धुणी पिळायची?" असं प्रमुखांनी एकदा विचारलं होतं, आणि उत्तर ऐकायला ते थांबत नसत.

लाँड्रीची एक पद्धत होती. प्रत्येक घराची एक निशाणी. न पुसणाऱ्या काळ्या शाईनं ती कपड्याच्या आत घालायची. न्हाव्याच्या घराला दोन रेघा, मास्तरांना फुली, पलीकडच्या सुताराला त्रिकोण. फक्त प्रमुखांच्या कपड्यांना निशाणी नव्हती. घरचेच कपडे. शिवाय इतकी खळ गावात दुसऱ्या कुणाला लागत नसे. "त्यांचा शर्ट अंगातून काढला तरी उभा राहतो," वहिनी म्हणत. "आत माणूस असला काय, नसला काय."

तर हे गाव एके दिवशी शहरात गेलं.

शहर शेजारीच होतं. वर्षानुवर्षं सांडलेल्या तेलासारखं हळूहळू इकडे पसरत होतं. शेवटी शहराच्या कचेरीनं ठरवलं की हे गाव आता आमचंच. प्रमुखांनी सभा घेतली. शर्टाला दुप्पट खळ.

"आपण शहरात जात नाही आहोत," ते माइकवर गरजले. "शहर आपल्यात येतंय!"

टाळ्या.

न्हाव्यानं हात वर केला. "म्हणजे शहराचं नाव बदलून आपलं ठेवणार का?"

"टप्प्याटप्प्यानं," प्रमुख म्हणाले.

पुन्हा टाळ्या. सगळ्यांचे हात वर. वहिनींचे हात तेवढे खाली होते, कारण ते टबात होते.

प्रमुखांना आतल्या गोटातून समजलं होतं की शहराच्या कचेरीत त्यांना खुर्ची मिळणार. मिळाली. बाहेरच्या व्हरांड्यात, भिंतीला टेकवलेली, तिच्यावर बसून आपलं नाव पुकारण्याची वाट बघायची. पाण्याच्या नळासाठी ते गेले, बसून आले. रस्त्याच्या दिव्यांसाठी गेले, बसून आले. गावाचं नाव गेलं आणि त्या जागी 'पूर्व विस्तार' आलं. गावाची कचेरी बंद झाली, तिच्या खोलीत शहराने जुनी कपाटं आणून टाकली. वहिनींनी दिराचं नाव तेव्हाच बदललं. त्या त्यांना 'माजी' म्हणू लागल्या. आधी पाठीमागे, मग इस्त्री करताना स्वतःशी, मग धाकटीसमोर. धाकटी तोंडावर पदर धरून हसे. तिला घरात हसायची सोय नव्हती.

मग आला पाट्यावाला. खांद्यावर शिडी, पिशवीत निळ्या पत्र्याच्या पाट्या. वहिनींच्या चौकटीवर त्यानं पहिली पाटी ठोकली.

"बाई, तुमचा नंबर एक."

"कशात?"

"घरांत. शहरातून आलं की पहिलं घर तुमचंच ना?"

"आणि गावातून निघालं की शेवटचं."

"तसं आमच्यात मोजत नाहीत," पाट्यावाला म्हणाला आणि शिडी उचलून पुढे गेला.

ठोकत ठोकत तो रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला पोचला. तिथे प्रमुखांचं घर, आणि त्याच्याही शेजारी अशीच एक मोकळी जागा. प्रमुख गालाला साबण लावून दारात उभे. पाटीवर एकसष्ट.

"याहून लहान आकडा नाही का?" प्रमुखांनी विचारलं.

"एवढाच आकडा आहे, साहेब. शेवटचं घर."

असं म्हणतात की अर्धी दाढी तशीच ठेवून प्रमुख रस्त्यावर आले. न्हावी म्हणतो की त्यांच्या तोंडावरचा साबण वाळेपर्यंत ते बोलत होते, आणि न्हाव्याला साबणाची पारख आहे.

संध्याकाळी सभा. विषय एकच, गाव सुरू कुठून होतं?

"डोकं कुठे असतं?" प्रमुखांनी विचारलं. "वर असतं! पायापासून माणूस मोजतात का? शहराकडची बाजू हे आपलं... आपलं..."

"पाऊल," न्हाव्यानं पुरवलं.

"पाऊल! डोकं इकडे आहे. मोजणी इकडून होईल. स्वाभिमानाचा प्रश्न आहे!"

गावाचं नाव गेलं तेव्हा ज्यांना झोप नीट लागली, त्या सगळ्यांचा स्वाभिमान पाटीसाठी मात्र ताडकन उठून बसला. साठ नंबरला दोन व्हायचं होतं, एकोणसाठला तीन. ज्यांचे आकडे वाढणार होते तेही उठले, कारण प्रमुखांच्या विरुद्ध बसून राहायची गावाला सवय नव्हती. न्हाव्याचं घर बरोबर मधलं. इकडून मोजा की तिकडून, नंबर एकतीसच. सगळ्यात मोठ्या आवाजात घोषणा त्यानंच दिल्या.

दुसऱ्या दिवशी प्रमुख लाँड्रीत आले. हातात कागद.

"वहिनी, एक सही हवी होती."

"कशावर?"

"आपला नंबर बदलतोय. म्हणजे तुमचा नव्हे हो, सगळ्या गावाचा. तुम्हाला एक नंबर घेऊन काय करायचंय?"

"काहीच नाही. तुम्हाला?"

"माझ्यासाठी नाही, वहिनी. पदासाठी."

"कुठल्या?"

प्रमुखांनी कॉलर ताठ केली. ती आधीच ताठ होती. "माणूस जातो, पद राहतं."

"इथे उलटं झालंय, भाऊजी." वहिनींनी इस्त्री उचलून स्टँडवर ठेवली आणि सही केली. "घेऊन जा. पत्र्याच्या तुकड्यानं माझी इस्त्री तापत नाही. खिळे तुमचे तुम्ही काढा."

प्रमुखांनी स्वतःच्या हातानं पाटी काढली, रुमालानं पुसली आणि छातीशी धरून भर रस्त्यातून नेली. सगळ्या गावाच्या सह्यांचा कागद त्यांनी शहरात नेऊन दिला, त्यावर शिक्का मारून घेतला. दारावर 'एक' लागला. शेजारच्या मोकळ्या जागेत त्यांनी एक बाकडं आणून टाकलं. तिथे बाग होणार होती. बागेला नाव कुणाचं द्यायचं, यावर ते म्हणत, "ते लोकांनी ठरवावं," आणि लोकांकडे बघत राहत.

मग एका सकाळी इंजिनिअर बाई आल्या. डोक्यावर पिवळी टोपी, काखेत नकाशाची गुंडाळी. लाँड्रीपाशी थांबून त्यांनी विचारलं, "क्रमांक एक कुठलं हो?"

"शेवटचं," वहिनी म्हणाल्या.

"अहो, एक विचारते मी."

"तेच सांगते. सरळ जा. रस्ता संपला की पहिलं घर."

इंजिनिअर बाई पुढे गेल्या. गावात नकाशावालं माणूस आलं की गाव मागे लागतं. न्हावी गिऱ्हाइकाला अर्धवट सोडून निघाला, गिऱ्हाईक गळ्यातल्या फडक्यासकट निघालं. प्रमुख तयारच होते. बागेचीच माणसं असणार! त्यांनी आत जाऊन नवा शर्ट चढवला.

"क्रमांक एकचे मालक आपण?"

"मीच. पहिल्यापासून मीच."

"शेजारच्या मोकळ्या जागेत काम सुरू करायचंय. इथे सही लागेल, की तुम्हाला कल्पना दिली आहे."

"कल्पना मुळात माझीच आहे," प्रमुख म्हणाले आणि गावाकडे वळले. "बंधूंनो, शहरानं शेवटी पहिल्या घराचा मान राखला!" सही करताना शेवटची रेघ त्यांनी इतकी लांब ओढली की ती कागदाबाहेर, नकाशावर गेली.

"छान," इंजिनिअर बाईंनी कागदाची घडी केली. "म्हणजे ओला कचरा या बाजूला, सुका बाकड्याच्या बाजूला. गाड्या सकाळ-संध्याकाळ येतील. सगळ्या पूर्व भागाचा कचरा आता इथेच निवडला जाणार."

टाळ्या वाजवायला वर गेलेले हात तसेच राहिले. न्हाव्यानं आपला हात डोक्याकडे नेऊन खाजवल्यासारखं केलं.

"पण..." प्रमुखांचा आवाज पहिल्यांदाच माइक नसल्यासारखा आला. "कचऱ्याची जागा गावाच्या टोकाला नको का? शहराजवळ? गाड्यांना सोयीची?"

"तशीच ठरली होती. क्रमांक एकच्या शेजारी, रस्त्याला लागून."

"मग ती लाँड्रीशेजारची! तारा आहेत ना, तिथली!"

"असेल. पण कागदावर जागा नसते, क्रमांक असतो. तुम्हीच क्रमांक बदलून घेतलात. शिक्का आहे त्यावर." इंजिनिअर बाईंना कीव आली असावी. "शुक्रवारी मी परत येते. दोन्ही घरांची संमती असेल तर पाट्या पुन्हा उलटवून देते. त्यानंतर खोदकाम सुरू होणार."

बातमी लाँड्रीत पोचली तेव्हा वहिनी पांढरी चादर तारेवर टाकत होत्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि हसल्या. चांगल्या मोठ्यानं, एकट्याच. मग हसता हसता त्यांनी आपल्या तारांकडे पाहिलं आणि हसू थांबलं. कचरा इथे येणार होता. या तारांच्या जागी. कचऱ्याशेजारी वाळवलेली चादर कोण अंगावर घेईल? एका पत्र्यानं लाँड्री वाचली होती, आणि तो पत्रा त्यांनी काहीही न कळता देऊन टाकला होता.

दुपारी प्रमुख आले. आज खळ नव्हती.

"वहिनी, मी फार विचार केला. तो मान तुमचाच आहे."

"कुठला?"

"एक नंबर. दादाचं घर ते. थोरल्याचं घर आधी, धाकट्याचं मागून. मला आतून टोचत होतं."

"आजच टोचलं?"

"लोक काय म्हणतील, धाकट्यानं थोरल्या भावजयीची पाटी हिसकावली!"

"लोकांनीच हात वर केले होते, भाऊजी. तुम्ही मोजले होते."

"अहो, एवढ्याशा पत्र्यासाठी घरात वितुष्ट नको."

"मी कुठे वितुष्ट करते? पदाचा प्रश्न आहे. माणूस जातो, पद राहतं. आता पदाशेजारी कचराही राहील."

प्रमुखांनी मग शेवटचं शस्त्र काढलं. डोळ्यांत पाणी आणलं. वहिनी इतकी वर्षं पाण्यातच काम करत होत्या. त्यांच्यावर परिणाम झाला नाही.

मग गाव आलं, जोडीजोडीनं. मास्तर म्हणाले, थोरल्यांनी मन मोठं करावं. सुतार म्हणाला, तारा काय, कुठेही बांधता येतात. न्हावी म्हणाला, "वहिनी, तुम्हाला तशीही घाणेरड्या कपड्यांची सवय आहे."

"आहे ना," वहिनी म्हणाल्या. "तुमच्या घरचे मीच धुते."

न्हावी गेला. पण जाताना त्यानं जे बोलायचं ते बोलून घेतलं. "प्रमुखांचं सोडा हो. धाकटीनं कसं राहायचं तिथे?"

ते मात्र लागलं.

गुरुवारी धाकटी आली. नेहमीप्रमाणे मागच्या दारानं. दोघींनी एक मोठी चादर घेतली, दोन दोन टोकं धरून लांब झाल्या, ताणली, झटकली.

"तुझं काय म्हणणं?" वहिनींनी विचारलं.

"कशाबद्दल?" दोघी जवळ आल्या. धाकटीनं आपली टोकं वहिनींच्या हातात दिली, वाकून खालची घडी उचलली, पुन्हा मागे गेली.

"सोंग नको करूस. मी सही केली नाही तर तुझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत माश्यांची सभा भरणार."

"सभेची सवय आहे मला."

"धाकटे!"

"आणि सही केली तर?" धाकटी जवळ आली. "मी चादरी पिळायला कुठे येऊ? तेवढंच माझं बाहेर पडणं."

वहिनींनी घडी फळीवर ठेवली. धाकटी गेल्यावरही त्या उगाच त्या घडीवरून हात फिरवत राहिल्या. दिराला त्या हसत हसत कचऱ्यात बसवू शकत होत्या. पण धाकटी तिथे नाकाला पदर लावून चूल सांभाळणार, आणि आपण इथे पांढऱ्या चादरी वाळवणार, हे काही त्यांच्या गळी उतरेना. माजीला एकट्याला बुडवायची सोय नव्हती. लग्न ही एक फार गैरसोयीची गोष्ट आहे, त्यांना वाटलं. माणूस बुडतो तो बायकोच्या पदराला धरून.

शुक्रवारी लाँड्रीसमोर सगळं गाव जमलं. इंजिनिअर बाईंनी कागद इस्त्रीच्या टेबलावर पसरला. प्रमुख हात जोडून उभे. ते सगळ्यांनाच जोडलेले वाटत होते, टेबलालासुद्धा.

"लाँड्रीच्या मालकीणबाई, तुमची संमती आहे?"

वहिनींनी तारांकडे पाहिलं. त्यांच्यावर मास्तरांच्या चादरी, सुताराच्या विजारी, न्हाव्याचे टॉवेल. या कपड्यांची माणसं समोर उभी होती आणि त्यांतलं एकही तारांकडे बघत नव्हतं.

"भाऊजी, एक सांगते," वहिनी म्हणाल्या. "ही सही तुमच्यासाठी नाही. तुमच्यासाठी मी शाई खर्चली नसती." त्यांनी पेन उचललं.

"जाऊबाई, पेन ठेवा."

धाकटी. ती आज मागच्या दारानं आली नव्हती. भर रस्त्यानं आली होती, सगळ्या गावाच्या मधून, आणि तिच्या काखेत बोचकं होतं.

"तू मध्ये बोलू नकोस," प्रमुख म्हणाले.

"मध्ये नाही बोलत. तुमचं सगळ्यांचं संपायची वाट बघत होते मी." तिनं बोचकं टेबलावर ठेवलं, कागदाच्या बरोब्बर वर. "एक नंबरच्या घरात कुणाला राहायचंय, ते आधी विचारा. मला नाही राहायचं. कचऱ्यामुळे नव्हे, बाई. कचरा अजून यायचाय."

इंजिनिअर बाईंनी पिवळी टोपी काढून हातात घेतली.

"अगं, लोक बघताहेत!"

"लोकांना तुम्हीच बोलावलंत. मान तुमचा आहे, माश्याही तुमच्या. जाऊबाई, कालच्या चादरी राहिल्यात ना पिळायच्या?"

वहिनींनी पेन खाली ठेवलं. त्या पहिल्यांदाच कापड सोडून समोरच्या माणसाकडे बघत होत्या. "राहिल्यात," त्या म्हणाल्या. "टबात आहेत."

धाकटी आत गेली. आतून बादली सरकवल्याचा आवाज आला.

"म्हणजे संमती नाही?" इंजिनिअर बाईंनी विचारलं.

"नाही. आमचा एकसष्ट बरा आहे. आणि ते बोचकं उचला हो कुणीतरी, कागद काढायचाय त्यांना."

न्हाव्यानं उचललं. गाव हळूहळू पांगलं. ज्यानं त्यानं तोंडानं 'च्च' केलं, आणि घरी जाऊन जो तो बायकोशी जरा जपून बोलला.

कचरा आला. सकाळ-संध्याकाळ गाड्या येतात, प्रमुखांच्या बाकड्याशेजारी वळतात. गाडीवाले पत्ता विचारत नाहीत. लाँड्रीत मात्र नवीन फळी आली, दोन जास्तीच्या तारा आल्या. धाकटी आता मोठ्यानं हसते. रस्त्यापर्यंत ऐकू येतं.

पुढे एका दुपारी प्रमुख स्वतः आले. हातात कपड्यांचं गाठोडं. अंगातला शर्ट असा पडला होता, जणू आतल्या माणसावर रुसलाय. धाकटीनं आतून त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि हातातल्या कपड्याचं बटण लावत राहिली.

"वहिनी, जरा हे... वास जात नाही हो. आणि खळ थोडी जास्त."

"बाहेरच्या टेबलावर ठेवा. आत दुसऱ्यांचे आहेत." वहिनींनी शाईची बाटली उघडली. "निशाणी घालावी लागेल."

"आपल्या कपड्यांना कशाला निशाणी? घरचेच तर."

"घरचे कपडे घरची माणसं आणतात. तुम्ही गिऱ्हाईक." त्यांनी कॉलर उलटी केली, काडी शाईत बुडवली. "नंबर?"

प्रमुख गाठोड्याची गाठ चाचपू लागले.

"धाकटे, यांचा नंबर काय गं?"

"एक," आतून आवाज आला.

वहिनींनी सावकाश, ठसठशीत एक काढला. मग दुसऱ्या कॉलरवर. मग तिसऱ्या.

"पुसता येईल ना पुढेमागे?" प्रमुखांनी विचारलं.

"शर्ट फाटेल," वहिनी म्हणाल्या. "मंगळवारी या."